न्यूयॉर्कमध्ये लायब्ररीत शिरलो ते बाथरूमसाठी

फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मोठ्या लायब्ररीसमोरचे दोन संगमरवरी सिंह खरोखर रुबाबदार आहेत. पेशन्स आणि फॉर्टिट्यूड ही नावं महापौर ला गार्डिया यांनी मंदीच्या काळात दिलेली. इमारत १९११ची, भव्य. पण आत पुस्तकांपेक्षा वर धरलेले मोबाइलच जास्त. माझं मन काही रमलं नाही.

रमलं ते शहराच्याच क्वीन्स या भागात, तेही नाइलाजाने. जुलैचा उकाडा, जॅक्सन हाइट्समध्ये पोटभर मोमो झालेले, आणि या शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह काही केल्या सापडत नाही! शेवटी एका दुकानदार काकांनी सुचवलं, "लायब्ररीत जा, कोणी हटकत नाही."

खरंच कोणी हटकलं नाही. मग एसीत जो टेकलो तो संध्याकाळपर्यंत. शेजारी बंगाली पेपर वाचणारे आजोबा, पलीकडे गृहपाठ करता करता भांडणारी मुलं. एक बाई सरकारी फॉर्म घेऊन आली, तर ग्रंथपाल तिला स्पॅनिशमध्ये एकेक रकाना समजावत बसली. कोपऱ्यात एक गृहस्थ चक्क झोपले होते. त्यांनाही कोणी उठवलं नाही. फलकावर इंग्रजीचे मोफत वर्ग, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी. कडक उन्हाळ्यात शहर अशा शाखांनाच गारव्याचं ठिकाण म्हणून जाहीर करतं.

बाकावरच्या एका बांगलादेशी ताईंशी गप्पा झाल्या. पूर्वी पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड १५ डॉलरवर गेला की लायब्ररीचं कार्ड बंद पडायचं. त्यांच्या मुलाचं तसंच पडलं आणि पोरगा इकडे फिरकेनासा झाला. ऑक्टोबर २०२१मध्ये शहरातल्या तिन्ही लायब्ररी संस्थांनी उशिराचा दंडच रद्द केला, जुनी थकबाकीही पुसली. "तेव्हापासून त्याला इथून घरी न्यायला मलाच यावं लागतं," त्या वैतागून म्हणाल्या. त्या वैतागात कौतुकच जास्त होतं.

शिवाय या कार्डावर अनेक संग्रहालयांचे फुकट पास मिळतात. मी मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला, म्हणजे मेटला, ३० डॉलर मोजून आलो होतो! पण कार्ड राज्यात राहणाऱ्या, शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्यांनाच. पाहुण्याने फक्त जळायचं.

पुढचे दिवस पुतळे-पुलांत गेले. रविवारी पुन्हा जावंसं वाटलं, पण बहुतेक शाखा त्या दिवशी बंद. २०२३च्या अखेरीस महापालिकेने पैसे कापले तेव्हा रविवारी उघड्या असणाऱ्या मोजक्या शाखांचाही रविवार गेला होता. लोकांनी ओरड केली आणि २०२४मध्ये तो परत मिळवला. पुतळे मात्र रविवारीही उघडे असतात.