आजींची सलाईन टिकवताना… माझा अनुभव

मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. शीर सापडेपर्यंत सगळे जीव ओततात आणि सलाईनची सुई चिकटवायचं काम मात्र दोन टेप मारून उरकतात, याचा मला खरंच राग येतो, कारण रात्री तीच सुई निघते, चादर रक्ताने भरते आणि पेशंटला परत टोचायचं.

मध्यंतरी न्यूमोनियाच्या एक आजी होत्या, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, दोन्ही हात काळेनिळे. "बाई, आता हाताला जागाच नाही गं उरली," म्हणाल्या. पण अँटिबायोटिक सगळं शिरेतूनच द्यायचं होतं. मनगट आणि कोपर सोडलं, तिथे हात वाकला की नळी आत हलते आणि शीर सुजते. मधल्या सरळ भागात २२ नंबरची निळी सुई घातली, म्हणजे शिरेत राहणारी बारीक प्लास्टिकची नळी; आम्ही तिलाच सुई म्हणतो.

आता खरं काम. क्लोरहेक्झिडीन-स्पिरिट या जंतुनाशकाने आधीच पुसून ३० सेकंद वाळू दिलं होतं, तरी रक्ताचा थेंब टिपून कातडी पुन्हा कोरडी केली, ओल्यावर काहीच धरत नाही. मग पारदर्शक ड्रेसिंग, ते अजिबात न ताणता ठेवायचं आणि कडा बोटाने दाबायच्या, ताणून लावलं तर आजींसारख्यांच्या कातडीला फोड येतात. एक्स्टेंशनच्या, म्हणजे सुईला जोडलेल्या छोट्या जादा नळीचा छोटा लूप करून वेगळी टेप लावली म्हणजे ओढ बसली तरी आधी लूपवर बसते, सुईवर नाही. तारीख-वेळ कडेला लिहिली.

मुलगा म्हणाला, "सिस्टर, वरून पट्टी गुंडाळा ना, घट्ट राहील." त्याला समजावलं की झाकलं तर लाली, सूज कळणार कशी? त्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या आणि सुनेला सांगितलं, गाऊन घालताना सलाईनचा हात आधी घाला, काढताना तो शेवटी काढा. हे कोणी सांगतच नाही आणि बऱ्याच सुया नेमक्या बाहीत अडकून निघतात!

प्रत्येक ड्युटीला बघायचं, नॉर्मल सलाईनने फ्लश करताना, म्हणजे थोडं सलाईन ढकलून नळी मोकळी करताना, दुखतंय का विचारायचं, दुखलं किंवा सुजलं तर लगेच काढायची, उगाच रेटायचं नाही. आजींची ती सुई गोळ्या सुरू होईपर्यंत टिकली. काढतानाही कातडी एका हाताने धरून ड्रेसिंग हळूहळू सोडवलं, सोलल्यासारखं ओढलं नाही.

नातेवाईकांनो, सामानाच्या चिठ्ठीत पारदर्शक ड्रेसिंग आणि एक्स्टेंशन नसेल तर सिस्टरांना बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही.