जुनीच केमो, परत

केमो वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली पण त्या दिवशीची ती पिशवी काही डोक्यातून जात नाही.

एका पेशंट काकांना मांडीत सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा एक कॅन्सर, झालेला, नंतर फुफ्फुसात गाठी आल्या तेव्हा डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइड असं दोन्ही मिळून दिलं, गाठी मस्त आक्रसल्या, दीड वर्ष शांत होत्या आणि आता परत डोकं वर काढलं. डॉक्टर म्हणाले तीच केमो परत देऊ. काकांचा चेहरा पडला, "सिस्टर, म्हणजे नवीन काही उरलंच नाही का?" हे सगळेच विचारतात. मी म्हटलं, काका, औषध चालू असताना गाठ वाढली असती तर ते हरलं म्हणायचं, तुमची तर बंद केल्यावर इतक्या महिन्यांनी वाढलीये, मग परत लागू पडायची आशा असते. खात्री मात्र मी कशी देणार.

पण डॉक्सोचा जन्मभराचा हिशोब ठेवावा लागतो, हृदयावर परिणाम होतो म्हणून, साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, बास. आमच्या फायलीत 75 च्या पाच सायकल, म्हणजे केमोच्या पाच फेऱ्या, एकूण 375, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) पण नॉर्मल, ऑर्डर लिहून झालेली. मी आपली सवयीने काकूंची पिशवी चाळत बसले तर जुन्या बिलाच्या मागे चार घड्या घातलेला कागद, सहावी सायकल! मुलीकडे राहायला गेले होते तेव्हा तिकडे घेतली म्हणे. काकू म्हणतात, "ते पण सांगायचं असतं होय?" चूक त्यांची नाहीच, आम्ही कुणी नीट विचारलंच नव्हतं. 450 पूर्ण.

कागद घेऊन तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचला, डॉक्सोवर काट मारली आणि एकटं आयफॉस्फामाइड लिहिलं, सोबत मूत्राशय जपायला मेस्ना.

आयफॉस्फामाइडने कधीकधी माणूस बरळायला लागतो, म्हणून दर शिफ्टला वार विचारायचा आणि लघवीत रक्त आहे का ते पट्टीवर बघायचं. रात्री मी पट्टी घेऊन गेले, तोंड उघडायच्या आतच काका वैतागून म्हणाले, "गुरुवार. मागच्या वेळीपण हेच विचारायचात."

पट्टी स्वच्छ होती.