ओरल्सआधीची इंजिन रूम फेरी: स्टिअरिंग फ्लॅटपासून टँक टॉपपर्यंत

मरीन इंजिनिअर ऑफिसरच्या तोंडी परीक्षेची तयारी बहुतेक जण घरी पोहोचल्यावर सुरू करतात, तीही कुणाच्या तरी जुन्या प्रश्नोत्तरांच्या वह्या घेऊन. परीक्षकाचा पहिला प्रश्न त्या वहीतला असतोही. दुसरा असतो "का?", आणि तिसरा "तुमच्या जहाजावर तो व्हॉल्व्ह कुठे होता?" हा तिसरा प्रश्न घरी बसून सुटत नाही. म्हणून साइन ऑफला (जहाज सोडायला) दीड-दोन महिने असताना जहाजावरच एक फेरी करावी. तिचा मार्ग, थांबे आणि प्रत्येक थांब्यावर काय पाहायचं ते इथे दिलं आहे.

सामान थोडकंच लागतं: जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली, टॉर्च, रॅग, कानाला मफ. मोबाइलवर फोटो काढून भागत नाही, कारण परीक्षेत समोर कोरा कागद येतो आणि लाइन हातानेच काढायची असते. सेकंड इंजिनिअरला आधी सांगून ठेवावं आणि त्यांच्या परवानगीशिवाय एकाही व्हॉल्व्हला हात लावू नये. सगळी फेरी एका दमात होत नाही. वॉच संपल्यावर रोज तासभर काढला तर आठवडाभरात होते.

सुरुवात वरून, स्टिअरिंग फ्लॅटपासून, म्हणजे रडर (सुकाणू) फिरवणारी यंत्रं असलेल्या खोलीपासून. इथला आकडा सगळ्यांना पाठ असतो: जहाज कमाल सर्व्हिस स्पीडने पुढे जात असताना रडर एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत गेला पाहिजे. मग लगेच विचारतात, दुसऱ्या बाजूला ३० च का, ३५ का नाही? रडर हव्या त्या कोनाजवळ येतो तसा हंटिंग गिअर (रडर किती फिरला हे पंपाला परत कळवणारी लिंक) पंपाचा स्ट्रोक कमी करत आणतो. शेवटचे काही अंश रडर रेंगाळत सरकतो आणि नेमका कधी पोहोचला हे घड्याळावर ठरवता येत नाही, म्हणून मोजणी ३० वर थांबवतात. हंटिंग गिअरची लिंक बोटाने दाखवता येईल इतकी जवळून पाहावी. ऑक्झिलरी स्टिअरिंगसाठी १५ ते १५ अंश, ६० सेकंद, निम्मा वेग किंवा ७ नॉट यांपैकी जो जास्त असेल तो. निघण्याआधी १२ तासांच्या आत चाचणी आणि दर तीन महिन्यांनी इमर्जन्सी स्टिअरिंग ड्रिल. इथून ब्रिजशी बोलायचा फोन कुठे लावला आहे आणि रडरचा कोन कशावर वाचायचा, हेही वहीत लिहावं. ड्रिलचा प्रश्न नेहमी तिथूनच सुरू होतो.

इमर्जन्सी जनरेटर रूममध्ये फार वेळ लागत नाही. ४५ सेकंदांत आपोआप लोड घेणं, मालवाहू जहाजावर १८ तास आणि प्रवासी जहाजावर ३६ तास पुरवठा, हे सगळे सांगतात. गाडी अडते ती स्टार्टिंगवर. स्टार्टिंगच्या साठवलेल्या ऊर्जेतून लागोपाठ तीन स्टार्ट मिळाले पाहिजेत, आणि दुसऱ्या साधनातून ३० मिनिटांत आणखी तीन. तुमच्या जहाजावर ते दुसरं साधन कोणतं आहे? हायड्रॉलिक हँडपंप, स्प्रिंग स्टार्टर की बॅटरीचा दुसरा संच? हँडपंप असेल तर साप्ताहिक ट्रायलला तो स्वतः मारून पाहावा. किती प्रेशरला स्टार्ट होतो हा आकडा मग वाचावा लागत नाही.

सीओटू रूममध्ये, म्हणजे आग विझवायचा कार्बन डायऑक्साइड ठेवतात तिथे, बाटल्या मोजाव्यात आणि हिशेब तिथेच, उभ्याउभ्या करावा. समजा केसिंग (इंजिन रूमवरची चिमणीकडे जाणारी उभी पोकळी) सोडून मशिनरी स्पेस २००० घनमीटर आहे. ४० टक्के म्हणजे ८०० घनमीटर वायू. एक किलो सीओटूचे ०.५६ घनमीटर धरले तर सुमारे १४२९ किलो. ४५ किलोच्या बाटल्या असतील तर ३२. केसिंगसह धरायचं झाल्यास ३५ टक्के, आणि दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा. मशिनरी स्पेसमध्ये यातला ८५ टक्के वायू दोन मिनिटांत सुटला पाहिजे. सोडण्याचा क्रम सांगताना पुष्कळ जण कॅबिनेटच्या चावीपासून सुरू करतात आणि माणसं मोजायला विसरतात. कॅबिनेटचं दार उघडताच अलार्म वाजतो आणि ब्लोअर थांबतात. पण हजेरी पूर्ण झाली, सगळे बाहेर आले, स्कायलाइट आणि डॅम्पर बंद झाले, इंधन तोडणारे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह ट्रिप केले, हे झाल्याशिवाय वायू सोडायचा नाही. उत्तरात हजेरी पहिल्या वाक्यात आली पाहिजे.

खाली उतरण्याआधी इंटरनॅशनल शोअर कनेक्शन (किनाऱ्यावरून आगीचं पाणी जहाजाच्या लाइनला जोडायचा फ्लँज) ठेवलं असेल तिथे पाच मिनिटं थांबून त्याचं स्केच मापांसह काढावं: बाहेरचा व्यास १७८ मि.मी., आतला ६४, बोल्ट सर्कल १३२, १९ मि.मी.चे चार स्लॉट, फ्लँज किमान १४.५ मि.मी. जाड, १६ मि.मी.चे ५० मि.मी. लांब चार बोल्ट. भोकांऐवजी स्लॉट का? समोरच्या फ्लँजचे बोल्ट बसवलेले असले तरी बाजूने सरकवून जोडता यावं म्हणून.

बॉयलर फ्लॅटवर मात्र पूर्ण तास द्यावा. गेज ग्लास (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच) ब्लो करण्याचा, म्हणजे वाफ-पाणी सोडून तपासण्याचा क्रम पाठ असतो, पण प्रत्येक पायरीला ग्लास काय सांगतो ते पाठ नसतं. ड्यूटी इंजिनिअर ब्लो करत असताना शेजारी उभं राहून पाहावं. स्टीम कॉक आणि वॉटर कॉक बंद, ड्रेन उघडा. वॉटर कॉक उघडून जोरात पाणी येतं का पाहायचं, मग तो बंद. स्टीम कॉक उघडून वाफ येते का पाहायचं, मग तोही बंद. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत ही खात्री झाली की ड्रेन बंद. आता आधी वॉटर कॉक उघडायचा. पाणी चढून ग्लास वरपर्यंत भरला पाहिजे, कारण वरून वाफेचा दाब नाही. मग स्टीम कॉक उघडला की पाणी खाली येऊन खऱ्या पातळीवर थांबतं.

परीक्षकाला रस असतो तो हे असं घडत नाही तेव्हा. वॉटर कॉक उघडूनही पाणी चढलंच नाही, तर पातळी बॉयलरवरच्या वॉटर कनेक्शनच्याही खाली गेली आहे. बर्नर ताबडतोब बंद, आणि फीड (बॉयलरला द्यायचं पाणी) घालायचं नाही. तापून लाल झालेल्या ट्यूबवर गार पाणी पडलं तर नुकसान कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. पाणी चढलं पण स्टीम कॉक उघडताच ग्लासच्या तळाखाली नाहीसं झालं, तर पातळी ग्लासचा तळ आणि वॉटर कनेक्शन यांच्यामध्ये आहे आणि फीड देता येतं. स्टीम कॉक उघडूनही पाणी वरच राहिलं, तर पातळी ग्लासच्या वर आहे, वाफेबरोबर पाणी जाण्याचा धोका आहे. या तीन अवस्थांची तीन छोटी चित्रं वहीत काढून ठेवा. या प्रश्नावर उमेदवाराचा पाया मजबूत आहे की नाही ते कळतं, आणि तसं कळणं रास्तच आहे.

प्युरिफायर (वेगाने फिरवून तेलातलं पाणी आणि घाण वेगळी करणारं यंत्र) रूममध्ये ग्रॅव्हिटी डिस्कचा डबा उघडून पाहावा. डिस्कच्या भोकावर ऑइल-वॉटर इंटरफेसची जागा ठरते. भोक मोठं तर इंटरफेस बाहेर सरकतो. फार बाहेर गेला की सील (तेल अडवणारा पाण्याचा थर) तुटतं आणि तेल पाण्याच्या वाटेने स्लजमध्ये (तेलकट गाळात) जातं. म्हणून सील न तोडणारी सगळ्यांत मोठ्या भोकाची डिस्क निवडायची, आणि तेल जड असेल तर लहान भोकाची. सील तुटायला डिस्कच कारणीभूत असते असं नाही. हीटर मागे पडून तेल ९८ अंशांच्या बरंच खाली आलं, फीड जास्त झालं, बॅक प्रेशर बदललं किंवा सीलिंग वॉटर कमी पडलं तरी सील तुटतं. डिस्कवर चालणाऱ्या प्युरिफायरला घनतेची मर्यादा १५ अंशांना ९९१ किलो प्रति घनमीटर का, हे विचारलं तर पाण्याच्या घनतेशी तुलना करून सांगा. कॅटफाइन्सचा (इंधनात उरलेल्या उत्प्रेरकाच्या कठीण कणांचा) प्रश्नही इथलाच: बंकरमध्ये (जहाजावर घेतलेल्या इंधनात) अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून ६० मि.ग्रॅ. प्रति किलोपर्यंत चालतात, इंजिनला मात्र १५ च्या आत हवेत. मधला फरक भरून काढणारं यंत्र म्हणजे हाच प्युरिफायर आणि त्याचा संथ फीड.

मेन इंजिनच्या माथ्यावर स्टार्टिंग एअरची लाइन रिसीव्हरपासून सिलिंडर हेडपर्यंत बोटाने धरून जावी. रिव्हर्सिबल इंजिनला पुन्हा हवा न भरता १२ स्टार्ट, नॉन-रिव्हर्सिबलला ६. स्टार्टिंग व्हॉल्व्ह गळत असेल तर त्या युनिटचा ब्रँच पाइप बाकीच्यांपेक्षा गरम लागतो, म्हणून वॉचवर तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्यायची सवय असावी. गळक्या व्हॉल्व्हमधून तापलेला वायू मागे येतो, लाइनमध्ये कॉम्प्रेसरकडून आलेलं तेल साठलेलं असतं, आणि पुढच्या स्टार्टला ३० बारची हवा मिळते. स्फोटाला एवढं पुरे. फ्लेम अरेस्टर, बर्स्टिंग डिस्क किंवा रिलीफ व्हॉल्व्ह तुमच्या इंजिनवर कुठे आहेत ते स्केचमध्ये दाखवा.

खालच्या प्लॅटफॉर्मवर क्रँककेसची (क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पोकळीची) दारं. ऑइल मिस्ट डिटेक्टर (आतलं तेलाचं धुकं ओळखणारं यंत्र) वाजला तर काय कराल, हा प्रश्न प्रत्येक पातळीवर येतो. आधी वेग कमी आणि ब्रिजला खबर, क्रँककेसच्या दारांसमोरून माणसं हलवायची, मग परवानगी मिळताच इंजिन बंद. दार उघडायचं नाही. किमान अर्धा तास थांबायचं. कुठेतरी तापलेल्या बेअरिंगवर तेलाची वाफ होते, ती थंड भागात येऊन धुकं बनते, आणि तोच तापलेला ठिपका त्या धुक्याला आग लावू शकतो. दार उघडलं की त्याला ताजी हवा मिळते. थांबून झाल्यावर स्टार्टिंग एअर बंद, इंडिकेटर कॉक उघडे, टर्निंग गिअर लावलेला, ल्यूब पंप बंद, आणि मगच दार. उघडी ज्योत जवळ नको. उत्तर इथे संपत नाही: हॉट स्पॉट कसा शोधाल? बेअरिंग, क्रॉसहेड, पिस्टन रॉड, थ्रस्ट, चेन, सगळं हाताने आणि नजरेने. व्हाइट मेटल वितळून बाहेर आलंय का, रंग करपलाय का, तेलाची धार तुटक येते का. रिलीफ व्हॉल्व्हवर हात ठेवून पाहा. तो ०.२ बारच्या आत उघडतो आणि लगेच मिटतो. मिटला नाही तर हवा आत जाऊन दुसरा स्फोट होतो, आणि तो पहिल्यापेक्षा भयंकर असतो.

तळाशी टँक टॉप, म्हणजे इंजिन रूमचा तळ. इमर्जन्सी बिल्ज सक्शन (बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी, साठलेलं पाणी खेचायची आणीबाणीची वाट) सर्वांत मोठ्या मेन सी वॉटर पंपावर असतं आणि त्याचं व्हील फ्लोअर प्लेटच्या किमान ४६० मि.मी. वर, म्हणजे पाणी चढलं तरी हाताला लागेल. वापरताना आधी बिल्ज सक्शन उघडायचं, मग सी सक्शन हळूहळू आवळायचं. उलटं केलंत तर पंप सक्शन सोडतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो हवा असतो.

ऑइली वॉटर सेपरेटरपाशी (बिल्जच्या पाण्यातलं तेल वेगळं करणाऱ्या यंत्रापाशी) सॅम्पल लाइन मॉनिटरपर्यंत धरून जावी. तेल १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भागांच्या) वर गेलं की थ्री-वे व्हॉल्व्ह पाणी परत बिल्ज टँककडे वळवतो. मॉनिटरला फ्रेश वॉटरची फ्लशिंग लाइन येते. डिस्चार्ज चालू असताना ती उघडी ठेवली तर मॉनिटर पाणी पातळ करून वाचतो, आणि तो गुन्हा आहे. सेपरेटर सारखा अलार्म देत असेल तर पहिला संशय बिल्जमध्ये गेलेल्या डिटर्जंटवर घ्यावा: इमल्शन झालं की तेलाचे थेंब एकत्र येत नाहीत आणि ते एकत्र करणारा कोलेसर निरुपयोगी ठरतो. ऑइल रेकॉर्ड बुकमधल्या नोंदीही इथेच बसून लिहून पाहाव्यात. स्लज सी खाली, ऑटोमॅटिक नसलेला बिल्ज डिस्चार्ज डी खाली, ऑटोमॅटिक ई खाली, सेपरेटर बिघडला तर एफ, बंकरिंग एच. नोंदीवर सही कामाच्या ऑफिसरची, भरलेल्या पानावर कॅप्टनची, आणि शेवटच्या नोंदीनंतर पुस्तक तीन वर्षं जपायचं. कोड चुकला की पोर्ट स्टेट कंट्रोलचा (बंदरात परदेशी जहाजं तपासणाऱ्या यंत्रणेचा) माणूस आणि परीक्षक दोघेही सारखेच थांबतात.

वर येताना जिन्याने येऊ नये. फ्लोअर प्लेटवरून एस्केप ट्रंकच्या (आणीबाणीत बाहेर पडायच्या उभ्या वाटेच्या) दारापर्यंत दिवे नाहीत असं समजून चालावं, किती पावलं लागतात ते मोजावं, दार आपोआप मिटतं का ते पाहावं, आत दिवा लागतो का, शिडीच्या पायऱ्यांना तेल लागलंय का, वरचं झाकण आतून एका हाताने उघडतं का. ट्रंक कोणत्या डेकवर निघतो ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहावं.