डाव्या पायाचं तिसरं बोट

संध्याकाळी साडेसातला फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "सिस्टर, छोटी थांबतच नाहीये हो." राजेंद्र नगरच्या आजी. मागून रडणं ऐकू येत होतंच. २४ दिवसांची मुलगी, मी आठवड्यातून एकदा तिला बघायला जायचे.

नेहमीचे प्रश्न विचारले. कधी पाजलं? दिवसभरात लंगोट किती ओले झाले? ताप आहे का? हिरवी उलटी? टाळू वर आल्यासारखी वाटतेय का? सगळी उत्तरं चांगली आली. दुसऱ्या आठवड्यानंतर ही तिन्हीसांजेची किरकिर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपसूक ओसरते, हे मी इतक्या घरांत सांगितलंय की झोपेतही म्हणेन. तेच म्हटलं. ढेकर काढा, दिवा बारीक करा, खांद्यावर घेऊन फिरा; दोन तासांत नाहीच थांबली तर डॉक्टरांना दाखवा. आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागले.

सकाळी सातला पुन्हा फोन. रात्री अकराला रडून रडून दमून झोपली म्हणून त्यांना वाटलं, बरं आहे. तीनला उठली ती पुन्हा तशीच.

डिसेंबरातली इंदूरची थंडी, लोकमान्य नगरातून स्कूटीवर तिथे पोचेपर्यंत माझी बोटं गारठली होती. घरात शिरले तर मोहऱ्या-मिरच्यांचा खाट. दृष्ट काढून झाली होती. पोटावर हिंगाचा लेप होता. ओट्यावर ग्राइप वॉटरची बाटली उघडीच. ती मी आधी बंद केली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटी नाही, मध तर नाहीच नाही, यावरून माझे आणि आजींचे खटके बाराव्या दिवसापासून उडत होते. पण आज त्या काही बोलल्या नाहीत. सून पलंगाच्या कडेला बसलेली, डोळे सुजलेले. "माझं दूध पुरत नसेल का हो ताई?" एवढंच तिने विचारलं.

दूध पुरत होतं. मुलगी छातीशी लावली की आठ-दहा घोट घ्यायची आणि तोंड सोडून किंचाळायची. भुकेचं रडणं असं नसतं. भुकेलेलं बाळ आधी मान वळवून तोंडाने चाचपतं, मूठ चोखतं. रडणं सगळ्यात शेवटी येतं.

हात चोळून गरम केले आणि मुलीला घेतलं. मला माझ्या हातांचा जरा गर्व आहे, खोटं का बोलू. छातीशी उभं धरलं, कानाजवळ 'श्श' सुरू केलं, तिच्या रडण्याइतकंच मोठ्याने. हळू केलं तर तिला ऐकूच जात नाही. पोटात असताना तिने रक्ताचा असाच घोंघाट ऐकलेला असतो. मग चालणं. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं होतं: रडतं बाळ घेऊन पाच मिनिटं सलग चालावं, झोपलं की लगेच खाली न ठेवता आणखी पाच-आठ मिनिटं तसंच घेऊन बसावं. आपल्या आज्या हे करतच आल्या आहेत, फक्त त्यांनी घड्याळ लावलं नव्हतं. तीन मिनिटांत मुलगी हुंदक्यांवर आली. आजींनी सुनेकडे बघितलं.

मग मी तिला दुपट्यात गुंडाळायला घेतली. हात आत, कमरेपाशी सैल, पाय हलतील एवढी जागा. खालचं टोक वर दुमडलं आणि तिने असा टाहो फोडला की माझ्याच पोटात गोळा आला. सोडवलं, उचललं, फिरले, शांत. पुन्हा गुंडाळलं, पुन्हा टाहो. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, दुपटं डाव्या पायाला लागलं की हे होतंय.

"मोजे कधी काढले होते?"

कोणी बोलेना. मालिशवाली बाई गावी गेलेली. थंडी फार म्हणून दोन दिवस आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसणं चाललेलं. आणि परवापासून पायात आजींनी शिवलेले मोजे, त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचे, लोण्यासारखे मऊ. लंगोट बदलताना मोजे काढायचं कारणच नव्हतं.

डावा मोजा मी अर्धा उलटा केला आणि थांबले. आतल्या शिलाईचा एक दोरा सुटून तिसऱ्या बोटाभोवती गुंडाळला गेला होता. पाय मारेल तसा पीळ बसत गेलेला. दोऱ्याच्या पुढचं बोट फुगून जांभळट लाल, पिकल्या करवंदासारखं. दोरा दिसत नव्हता, दिसत होती फक्त एक चर. मोज्याकडे जाणारा धागा कात्रीने कापून मी मोजा वेगळा केला. बोटावरच्या वेढ्यांना हात लावला नाही.

काल फोनवर मी दहा प्रश्न विचारले होते. कपडे काढून बघितलंत का, हा अकरावा राहिला. विद्यार्थिनींना शिकवायचे तेव्हा मी तो पहिला सांगायचे: रडणारं बाळ आधी नागडं करा, बोटं मोजा, मुलगा असेल तर तिथेही बघा, केस, दोरा कुठेही बसतो.

"मोबाइलची बत्ती धर," मुलीच्या बाबाला म्हटलं, "आणि गाडी काढ. पाच मिनिटांत निघायचंय." बाबाने आधी गाडी काढली हे बरं केलं.

लहान मुलांच्या सर्जनांनी भिंग लावलं. "केस की दोरा?" हाच पहिला प्रश्न. आईचा केस असता तर केस काढायच्या क्रीमने कधी कधी विरघळतो. सुती दोऱ्याला ती मात्रा चालत नाही, शिवाय कातडी चिरली असेल तर क्रीम लावायचंच नाही. बोट बधिर केलं, बोथट सळई दोऱ्याखाली सरकवली, कापलं. एक वेढा. भिंगातून पुन्हा बघितलं, खाली दुसरा. दोन्ही निघाल्यावर बोट दाबून सोडलं. पांढरं पडलं आणि हळूहळू गुलाबी झालं. तोवर सून माझं मनगट धरून उभी होती. तिच्या नखांचे वण संध्याकाळपर्यंत होते.

मुलगी तिथेच बाकावर प्यायली आणि आईच्या कुशीत झोपली. ना श्श, ना दुपटं.

दुसऱ्या दिवशी बघायला गेले. बोटावर पुसट लाल रेघ, रंग चांगला. आजोबांनी पोह्यांची बशी पुढे केली, वर जिरावण, इंदूरचा तो चटपटीत मसाला, सढळ हाताने. "परवा मी फोनवर विचारायला हवं होतं," मी आजींना म्हटलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "शिवले तर मी ना."

समोर मोज्यांचे पाच जोड पडले होते. एकेक उलटा करून त्या सुटे दोरे कापत होत्या आणि तसाच, शिलाई बाहेर ठेवून, बाजूला टाकत होत्या.

"दिसतायत बेंगरूळ," त्या म्हणाल्या आणि पुढचा उचलला.