वर्दी

घरपट्टी भरायला मी दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जातो, म्हणजे सगळं गाव जातं त्याच वेळी. रांगेत वाचायला दुसरं काही नसतं म्हणून हातातलं बिलच वाचलं जातं. सामान्य कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर आणि या गर्दीत अंग चोरून उभा असलेला अग्निशमन कर. यंदा आमच्या वाट्याला ३८ रुपये आले. माझ्या पुढच्या गृहस्थांनीही तोच आकडा वाचला असावा, कारण ते मागे वळून म्हणाले, "अडतीस रुपयांत विझवणार काय हो, उदबत्ती?"

तेवढ्यात सर्व्हर बसला. खिडकीतल्या बाईंनी हात झटकले, रांग मोडली आणि मी नेहमीप्रमाणे मागच्या अंगाला बंबाच्या शेडकडे गेलो.

तिथे नाना असतात. नाना बंबावर ड्रायव्हर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, नारळ-शाल झाली, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते पुन्हा शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. कारण साधं आहे. आमच्याकडे मोबाइलवरून १०१ लावलं तर फोन कुठल्या गावी वाजेल याचा भरवसा नाही. एकदा आमच्या आळीतल्या आगीची चौकशी भलत्याच शहरातला माणूस करत होता, जवळची खूण कोणती म्हणून. तेव्हापासून अख्ख्या तालुक्याने नानांचा नंबर साठवून ठेवलेला आहे, 'नाना बंब' या नावाने. तो निवृत्त कसा करायचा? फोन आला की नाना नुसती मान वळवून आत ओरडतात. "वर्दी!"

इतरत्र वर्दी म्हटलं की अंगावरचा खाकी कपडा आठवतो. बंबखात्यात वर्दी म्हणजे खबर, जी जुन्या मराठीत 'दिली' जाते. वर्दी येते, वर्दी मिळते, वर्दीवर जायचं असतं, आणि शाळेच्या पोरांनी टवाळकी केली असेल तर ती खोटी वर्दी. या सगळ्या वर्द्या एका लांबट रजिस्टरात लिहिल्या जातात: वर्दीची वेळ, रवाना, पोहोच, परत, कशाची आग, संभाव्य कारण, वापरलेले पाणी. आमच्या गावाचा इतिहास लिहायचा असं दर दहा वर्षांनी कुणीतरी ठरवतं, स्मरणिका काढतं, त्यात देणगीदारांचे फोटो छापतं. खरा इतिहास या रजिस्टरात पडून आहे. गाव काय साठवत होतं, कशावर शिजवत होतं, कशाच्या आधाराने झोपत होतं, ते जळाल्यावरच कुणीतरी नोंदवलेलं आहे.

बंब येण्याआधीच्या नोंदी अर्थातच नाहीत. त्या वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या. खानदेशातली आमची घरं धाब्याची, वर मातीचा थर, त्यामुळे घर सहसा पेटत नसे. पेटायचा तो गोठा, नाहीतर कडब्याची गंजी. मग बोंब व्हायची. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लागायची, घागरी पुढे सरकायच्या, ओली पोती आपटली जायची. पण खरा उपाय पाण्याचा नव्हताच. वाऱ्याच्या दिशेला पुढचं जे छप्पर असेल ते आधी उतरवून टाकायचं, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही. ज्याचं जळलं त्याला वर्षभर सहानुभूती मिळे. ज्याचं न जळता मोडलं त्याला मात्र कुणी विचारत नसे, आणि अशा दोन घरांतली भांडणं नातवंडांपर्यंत चालत.

नंतर हातबंब आला. चार चाकांवर पत्र्याची टाकी, दोन्ही अंगांना आडवे दांडे. इकडे चार माणसं, तिकडे चार, आणि झोपाळ्यासारखं वरखाली. पाणी भिंतीपलीकडे जेमतेम जाई, पण बघायला गाव लोटे. वडील म्हणत की आगीपेक्षा त्याचीच मजा जास्त. मी पाहिला तेव्हा त्याच्या टाकीत जकात नाक्यावरची कोंबडी अंडी घालत होती.

शब्दाचीही गंमत आहे. पोर्तुगीजांचा 'बोंबा' म्हणजे पाणी ओढणारा पंप. तो आपल्याकडे बंब झाला. (तिकडे आग विझवणाऱ्याला बोंबेइरो म्हणतात, तेव्हा आधी बोंब मग बंब ही आपली समजूत अगदीच निराधार नाही, निदान कानाला तरी.) पण आपण एकाच शब्दात दोन उलट्या वस्तू बसवल्या. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाच्या पोटात विस्तव आणि भोवती पाणी. रस्त्यावरच्या लाल बंबाच्या पोटात पाणी आणि तो निघालेला विस्तवाकडे. लहानपणी आजी "बंब पेटला का रे?" असं परसातून विचारायची तेव्हा मला नगरपालिकेची काळजी वाटायची.

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण ज्याने केली तो कुठल्यातरी तालुक्याच्या गावचाच असणार. आमचा बंब एक आणि तालुक्यातली शेवटची वाडी पस्तीस किलोमीटरवर. हद्दीबाहेर जायचं तर खरं म्हणजे कागद लागतो. बंब आधी जातो, कागद मागून सावकाश येतो. तरी पोहोचल्यावर पहिली हाक ठरलेली: आले बघा, राख भरायला आले! आणि दुसरी, थोड्या वेळाने: अरे, हे तर टाकी रिकामीच घेऊन आलेत!

या दुसऱ्या आरोपाने नाना अजून कळवळतात. त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला होता, पाटीवर दाखवावा तसा. बंबाच्या टाकीत पाणी मावतं ४५०० लिटर. पंप पूर्ण सोडला तर मिनिटाला १८०० लिटर फेकतो. "कर की भागाकार," म्हणाले, "मास्तर ना तू?" अडीच मिनिटं. तीस किलोमीटर भोंगा वाजवत यायचं, नळ्या अंथरायच्या, गाडी न्यूट्रलला घेऊन इंजिनाची ताकद चाकांवरून पंपाकडे वळवायची (उभा बंब डरकाळ्या का फोडतो ते मला तेव्हा कळलं) आणि अडीच मिनिटांत सगळं संपलं. पुढचं पाणी गावाने द्यायचं: विहीर कुठे आहे, मोटारीची वीज चालू आहे का, टँकर कुणाचा. गाव तोवर मोबाइलवर चित्रण करत असतं.

कायद्याने पाहिलं तर या बाबतीत नगरपालिकेला सवलत नाही. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं हे ऐच्छिक कामांत नसून आवश्यक कामांत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची जी बारावी अनुसूची केली, तिच्यातही अग्निशमन आहे. २००६ मध्ये तर आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा राज्याचा स्वतंत्र कायदा आला. मंगल कार्यालयांत आणि दवाखान्यांत भिंतीला लाल नळकांडी टांगली गेली ती त्यानंतर. आमच्या कार्यालयातल्या नळकांड्यावर वऱ्हाडी मंडळी टोप्या अडकवतात.

रजिस्टर चाळताना मला सगळ्यात जास्त रस 'कशाची आग' या रकान्यात असतो. जुन्या पानांवर गंजी, गोठा, गंजी, गंजी. कारण: विडी. कारण: कंदील. मग जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना), सरकीचं गोदाम. मधे बरीच वर्षं स्टोव्हचा भडका, आणि पुढे 'स्त्री, वय २१', 'स्त्री, वय १९'. त्या काळी रॉकेलचे स्टोव्ह नेमके सुनांच्याच अंगावर का भडकत, हे लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता. अक्षर मात्र त्या नोंदींत जरा जास्त दाबून काढलेलं दिसतं. पुढे गॅसची टाकी येते, कूलर येतो, शेतातल्या ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी येतात. इथून कारणांमधली विडी नाहीशी होते आणि सरसकट शॉर्टसर्किट सुरू होतं. नाना म्हणतात, विमा आल्यापासून विडीने कुणाचं काही जळत नाही. परवाची एक नोंद चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची होती.

जिनिंगची आग मी स्वतः पाहिली आहे. दहावीत होतो, जानेवारीची थंडी, हंगाम जोरात. कापसात कुठेतरी खडा नाहीतर बोल्ट आला, रोलरमध्ये ठिणगी पडली, असं नंतर सांगितलं गेलं. आम्ही पोचलो तेव्हा ज्वाळा अशा नव्हत्याच. आवारभर पांढरे ढीग आणि त्यांवर एक निळसर पदर, वाऱ्याने पदर हलावा तसा इकडून तिकडे सरकणारा. बंब पाणी मारत होता आणि पाणी ढिगावरून घरंगळून खाली येत होतं. कच्च्या कापसाला अंगचं मेण असतं. पाणी लगेच आत मुरत नाही. वरून ओला, काळपट, विझलेला दिसतो आणि आत हातभर खाली निखारा शांतपणे वाट काढत जात असतो. म्हणून गाठी फोडाव्या लागतात. नाना तेव्हा तरुण होते. लोखंडी आकड्याने ते गाठीच्या पट्ट्या तोडत, आतली रुई ओढून काढत, आणि प्रत्येक ओढीसरशी आत लाल डोळा उघडल्यासारखा व्हायचा. दुसरा माणूस त्या डोळ्यात पाणी सोडायचा. दोन रात्री आणि एक दिवस ते हेच करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसले तेव्हा त्यांच्या भुवयांवर रुई चिकटलेली होती, म्हाताऱ्यासारखी. आई हसली. त्यांनी का विचारलं नाही, बसल्या बसल्याच झोपले.

कापसाचा हा स्वभाव ठाऊक असला की मुंबईच्या गोदीची गोष्ट नुसती तारीख राहत नाही. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. बंबवाले आले, पाणी मारत राहिले. आत काय आहे हे कळल्यावरही त्यांनी नळी सोडली नाही. चारच्या सुमारास जहाज फुटलं, अर्ध्या तासात पुन्हा फुटलं. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे, आणि देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन असतो तो त्यांच्यामुळे. नाना नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयात एका छोट्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथे हा प्रसंग शिकवताना, ते म्हणाले, वर्गात फक्त मी मान डोलावत होतो. बाकीच्यांना स्फोट दिसत होता, मला गाठी दिसत होत्या.

आता १४ एप्रिल म्हटल्यावर आमच्या गावात काय असतं हे सांगायला नको. बाबासाहेबांची जयंती आणि बंबाचा दिवस एकाच तारखेला आल्यामुळे बंबाला स्वतःच्या दिवशी सर्वांत जास्त काम असतं. पहाटे पुतळा आणि चौक धुवायचा तो बंबाच्याच पाण्याने. नऊ वाजता शेडमध्ये ६६ जणांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. त्या वेळी समोरच्या चौकात स्पीकर लागलेला असतो, पण नाना डोळे मिटून घेतात. संध्याकाळी मिरवणुकीच्या मागे बंदोबस्ताला, रात्री शेवटची ट्रॉली परत जाईपर्यंत. हार एकच येतो, तो बंबाच्या नाकावर घालायचा की पुतळ्याला न्यायचा असा प्रश्न एका वर्षी पडला होता. नानांनी तो पुतळ्याला दिला आणि बंबाला झेंडूची दोन फुलं वायपरमध्ये खोवली.

असा सगळा ऐवज त्या ३८ रुपयांत येतो, पण हे रांगेतल्या गृहस्थांना सांगायला गेलो नाही. कारण तेवढ्यात नानांचा फोन वाजला.

"हां, बोला… कुठे?… किती वेळ झाला?… ओरडतंय का?" मग मान वळवून, "वर्दी!"

आतून दोन पोरं बुटात पाय कोंबत धावली. कंत्राटी आहेत, सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली. एकाच्या तोंडात अजून वडापाव होता. बंबाने दोनदा खोकून सूर पकडला. फाटकाबाहेर भाजीच्या हातगाड्या होत्या, त्या भोंगा ऐकून चार बोटं सरकल्या, आणि त्या चार बोटांतून बंब बाहेर कसा पडला ते मी डोळ्यांनी पाहूनही सांगू शकणार नाही.

मी सर्व्हरची वाट बघत तिथेच बसून राहिलो. पाऊण तासाने बंब परत आला. वडापाववाल्या पोराच्या मनगटावर तीन लांब ओरखडे होते. नानांनी आधी त्याला हळद लावायला पाठवलं, मग चष्मा पुसला आणि रजिस्टर ओढलं. लिहायचा अधिकार आता त्यांना नाही, पण अक्षर त्यांचंच चांगलं आहे म्हणून कुणी हरकत घेत नाही.

रवाना १२.०५. पोहोच १२.११. परत १२.५०. स्थळ: शाळेमागील निंब. मांजर, एक, जिवंत. संभाव्य कारण: कुत्रे. वापरलेले पाणी: निरंक.