केळ्यातले फाटे

‘तेव्हा बोरिवलीचा फ्लॅट घेतला असता तर’ हा विषय आमच्याकडे कुठल्याही लग्नकार्यात निघतोच. हल्ली त्यात पुंजभौतिकीची, म्हणजे अणूंच्या जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम फिजिक्सची, भर पडली आहे. चार व्हिडिओ बघितलेला भाचा मामाला सांगतो, “मामा, दुसऱ्या एका विश्वात तू तो फ्लॅट घेतलायस!”

मामाला तेवढंच बरं वाटतं. पण हे ज्या ह्यू एव्हरेट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावर खपवलं जातं, त्याचं म्हणणं जरा वेगळं होतं. पुंजभौतिकीच्या मूळ समीकरणात अणूच्या सगळ्या शक्यता एकत्र नांदतात. मोजमाप केलं की एकच उरते, बाकीच्या गेल्या, असं पुंजभौतिकीचे एक जनक नील्स बोर यांच्या पठडीतले लोक मानत. प्रिन्स्टनच्या या पोराने १९५७ साली प्रबंधात म्हटलं, समीकरण तर कुणालाच घालवत नाही! सगळ्या शक्यता खऱ्याच. मोजणाराही त्यांच्याबरोबर विभागला जातो.

म्हणजे फाटे फुटतात ते अणूंच्या पातळीवर. मामाने फ्लॅट नाकारला तो हप्त्यांच्या धास्तीने, आणि ती धास्ती बहुतेक विश्वांत तशीच असणार.

फाटे बघायचेच तर डायनिंग टेबलावरचं केळं घ्या, सालीवर काळे ठिपके पडलेलं, शिकरणीला आलेलं. त्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातला दर दहा हजारांत एखादा अणू किरणोत्सारी. या अणूंचं अर्धायुष्य (निम्मे अणू बदलून दुसरंच मूलद्रव्य व्हायला लागणारा काळ) सव्वाशे कोटी वर्षं, तरी त्यांची संख्या इतकी प्रचंड की एकाच केळ्यात सेकंदाला पंधराएक अणूंचा ऱ्हास होतो. कोणता अणू, कोणत्या क्षणी, हे आधी सांगताच येत नाही. एव्हरेटच्या हिशेबाने तिथे प्रत्येक वेळी जगाला फाटा फुटतो, आपण साखर शोधत असतो तेव्हाही.

“मला तर दुभंगल्यासारखं काही वाटत नाही,” अशी हरकत ब्राइस डिविट या भौतिकशास्त्रज्ञाने घेतली होती. एव्हरेटचा सवाल असा, की पृथ्वी फिरते ते तरी कुठे जाणवतं? डिविट गार. पुढे याच डिविटने ही कल्पना गाजवली. एव्हरेट तोवर केव्हाच पेंटॅगॉनच्या कामात रमला होता.

माझं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्या पोटॅशियमचं ८९ टक्के वेळा कॅल्शियम होतं, उरलेल्या वेळा आर्गॉन. पण दोन्ही घडणारच असेल, तर हे ८९ टक्के कशाचे? एव्हरेटवाले यावर पानंच्या पानं गणित मांडतात. मला ते अजून पटलेलं नाही.