रंग वाढवलेत ना?

खनिजांच्या प्रदर्शनात काढलेले स्फटिकांचे फोटो कुणालाही दाखवले की ठरलेला प्रश्न येतो, ‘रंग वाढवलेत ना?’ त्यातला तो ‘ना’ मला जास्त लागतो. निकाल आधीच लागलेला असतो, मी फक्त कबुली द्यायची. आजवर हसून वेळ मारून नेली. पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं सांगूनच टाकते.

नाही, वाढवत नाही. बरेचदा उतरवावे लागतात. डायोप्टेज या खनिजाचा हिरवा किंवा ऱ्होडोक्रोसाइटचा लाल कॅमेऱ्याला झेपत नाही. तो रंग इतका भरून वाहतो की कडा, पैलू, आतल्या भेगा सगळं एका सपाट डागात बुडतं. तो डाग बघून तुम्ही म्हणता रंग चढवलाय, आणि मी बसलेली असते तो उतरवत. बरं, असं विचारणारेच पुढच्या स्टॉलवरून पिवळाजर्द सिट्रीन घेऊन येतात, जो बहुतेक वेळा तापवून पिवळा केलेला जांभळा ॲमेथिस्ट असतो. दगड भाजलेला चालतो, फोटो मात्र सोवळ्यातला हवा!

हॉलमधल्या उजेडाबद्दल तर बोलूच नये. एका स्टॉलवर पिवळे हॅलोजन, शेजारी पांढरे एलईडी, वर छताला आणखी तिसरंच काहीतरी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा: हॅलोजन 3000 च्या आसपास, दुपारचं ऊन 5500 च्या. डोळा हा फरक मुकाट सांभाळून घेतो, कॅमेरा नाही. म्हणून नमुन्याशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा ठेवायचा, एक फोटो त्याचा घ्यायचा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवायचा, म्हणजे उजेडाची छटा फोटोतून काढायची. इतकं केलं की रंग खरा, असं मी मानत होते. त्या फ्लोराइटपर्यंत.

इंग्लंडमधल्या रॉजरली खाणीतला नमुना होता तो. चौकोनी स्फटिक एकमेकांत घुसलेले, काचेसारखे स्वच्छ. स्टॉलवाल्यांनी मांडामांडीच्या वेळीच मला फोटो काढायला बोलावलं होतं. हॉलचं मोठं दार उघडं होतं, ऊन थेट आत येत होतं, म्हणून मी नमुना दारातच ठेवला. फोटोत तो निळा-जांभळा आला, कारण उन्हात तो तसाच दिसतो. या फ्लोराइटमध्ये युरोपियम नावाच्या धातूचा अंश असतो. तो उन्हातले अतिनील किरण शोषतो आणि निळा प्रकाश बाहेर टाकतो. पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळपास नसतंच, त्यामुळे त्याखाली तोच दगड हिरवागार.

स्टॉलवाल्यांनी फोटो छापून दर्शनी भागात लावला. संध्याकाळी एक गृहस्थ तो बघून आले, नमुना मागितला आणि एलईडीखाली धरला. एकदा फोटोकडे, एकदा दगडाकडे बघून आसपासच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘हे कुणी काढलंय? ही सरळ फसवणूक आहे.’

मी म्हटलं, उन्हात बघा. पण ऊन गेलेलं. मग मी पिशवीतून अतिनील टॉर्च काढला आणि दगडावर मारला. दगड निळा पेटला. मला वाटलं, संपला विषय. ते म्हणाले, ‘या दिव्यात काहीही चमकेल हो. माझा शर्टसुद्धा चमकतोय.’ आणि खरंच चमकत होता. लोक हसले.

माझं लक्ष मात्र स्टॉलवाल्यांकडे होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं, हा दगड दोन रंग दाखवतो म्हणूनच त्यांनी तो आणला होता. त्यांनी एक शब्द काढला नाही. फोटो उतरवला, उलटा करून टेबलाखाली सरकवला आणि मला हळूच म्हणाले, ‘ताई, जाऊ दे. गिऱ्हाईक आहे.’ पुढच्या वेळी त्यांनी मला बोलावलं नाही. दिव्याखाली मोबाइलनेच काढतात आता.

चिडले मी. अजूनही चिडते. पण त्या गृहस्थांचं म्हणणं पुरतं झटकूनही टाकता येत नाही. दगड ते घरी नेणार, कपाटात एलईडीखाली ठेवणार. त्यांच्यापुरता तो हिरवाच. त्यांना निळा दगड दाखवून हिरवा विकला जात होता, असं कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देऊ? उजेड खरा होता, एवढंच.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायची, ‘मी फक्त समोर आहे ते टिपते.’ त्या माझ्याशी मला आज भांडावंसं वाटतं. मग कॉर्डिएराइटचा स्फटिक हातात घेतल्यावर निळी बाजू सापडेपर्यंत फिरवत का बसतेस? दुसऱ्या बाजूने तो फिकट पिवळसर दिसतो, ती बाजू कधी टिपलीस? लॅब्रडोराइटची चमक दिसावी म्हणून तो तिरका का करतेस? आणि ते फोकस स्टॅकिंग! स्फटिक आहे त्याच आकारात टिपायचा तर एफ 8 ला, म्हणजे भिंगाचं छिद्र बऱ्यापैकी लहान केलं तरी, जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत कितीतरी फोटो घ्यायचे आणि एकात जोडायचे. पुढून मागपर्यंत इतका स्पष्ट स्फटिक कुणाच्याही डोळ्याला कधी दिसलेला नाही. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. सगळ्यांचा राग रंगावरच.

आणि रंगाचं म्हणाल तर तो दगडातही मुक्कामाला असतोच असं नाही. रिअलगार नावाच्या खनिजाला उजेड दाखवत राहिलं की लाल स्फटिकाची पिवळी पूड होते. काही स्टॉलवाले त्याच्यावर माझा दिवा येऊच देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आता फ्लोराइटचे दोन फोटो देते, एक उन्हातला, एक एलईडीखालचा. खाली उजेड कुठला तेही लिहिते. तरी लोक विचारतात, ‘यातला खरा कुठला?’ दोन्ही, असं सांगते. पहिला फोटो मात्र निळाच लावते, कारण हिरव्यापाशी कुणी थांबत नाही.